पाच वाजता कामाला लागलेली माणसे

शास्त्रपाठ : मत्तय 20:1-16





आपल्या कार्याला प्रार्थनेने आणि दानाने हातभार लावणाऱ्या मंडळ्यांना भेटायला गेलो की एक प्रश्न बहुतेक ठिकाणी निघतो. कोणी तो सरळ विचारतो, कोणी चहा पिता पिता हळूच काढतो. ज्यांना आपण मदत करतो ते त्या मदतीला पात्र आहेत का? इतकी वर्षे देऊनही काही कुटुंबे पुन्हा पुन्हा दाराशी का येतात? आणि जे कधी उपासनेला आले नाहीत त्यांनाही तेवढेच का द्यायचे? विचारणाऱ्याचे मन वाईट नसते. कष्टाचा पैसा सत्कारणी लागावा असे कोणालाही वाटते. खर्चाचा हिशेब आपण वेळोवेळी देतोच. पण ‘पात्र कोण’ या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही. ते प्रभूने एका दाखल्यात दिले आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा हा दाखला आपल्या ओळखीचा आहे. या अंकात तो सावकाश वाचू या.

पेत्राचा प्रश्न

हा दाखला मत्तयाने कुठे ठेवला आहे ते आधी पाहा. त्याच्या मागच्याच अध्यायात एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो आणि आपली संपत्ती सोडवेना म्हणून खिन्न होऊन परत जातो. ते पाहून पेत्र विचारतो की आम्ही तर सगळे सोडून तुझ्यामागे आलो, मग आम्हांला काय मिळणार (मत्तय 19:27). प्रश्न अगदी माणसासारखा आहे. येशू त्याला रागे भरत नाही. सोडलेल्याच्या शंभरपट मिळेल असे वचन देतो. पण लगेच एक इशाराही देतो : पुढचे पुष्कळ जण मागे पडतील आणि मागचे पुढे येतील. त्यानंतर हा दाखला येतो आणि तो त्याच इशाऱ्याने संपतो.

म्हणजे दाखला बाहेरच्या लोकांसाठी सांगितलेला नाही. तो सांगितला आहे शिष्यांना, ज्यांनी खरोखरच बरेच काही सोडले होते आणि आता मनात हिशेब मांडायला सुरुवात केली होती. मंडळीत वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या, दशांश देणाऱ्या, न चुकता उपासनेला येणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तो आहे.

बाजार तेव्हाचा आणि आताचा

दाखल्यातला घरधनी पहाटे मजूर लावायला बाहेर पडतो. रोजचा एक दीनार ठरवतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो. दीनार हे रोमी राज्यातले चांदीचे नाणे. साध्या मजुराची एका दिवसाची मजुरी साधारण तेवढी असे. त्या काळी दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत. त्यामुळे तिसरा तास म्हणजे आपले सकाळचे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन आणि अकरावा म्हणजे संध्याकाळचे पाच. घरधनी या चारही वेळी पुन्हा बाजारात जातो. पहाटेची धरून एकूण पाच खेपा. शेवटची खेप दिवस मावळायला तासभर उरला असताना.

ही गोष्ट समजायला आम्हां नाशिक जिल्ह्यातल्या लोकांना पॅलेस्टाईनला जायची गरज पडत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. भात, नागली, वरई पिकते. पण पाणी डोंगरावरून वाहून जाते आणि पुढे शेतात काम उरत नाही. मग कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे पोटासाठी खाली उतरतात. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी, पुढे घडांची विरळणी, औषधात घड बुडवणे आणि जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत खुडणी, अशी कामे तिथे एकामागून एक निघतात. नाशिकजवळच्या गिरणारे गावात भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो. माणसे जीपने, पिकअपने येतात, डबा घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात. बागायतदार येतो, भाव ठरतो, टोळी गाडीत बसते. ज्यांना कोणी नेत नाही ती उभीच राहतात.

प्रभूने दाखल्यासाठी निवडलेली माणसे ही अशी आहेत. स्वर्गाचे राज्य कशासारखे आहे हे सांगताना त्याने राजवाडा घेतला नाही, मजुरांचा बाजार घेतला.

पाच वाजेपर्यंत कोण उभे राहते?

शहरातल्या मंडळीत हा दाखला वाचला की पहिला प्रश्न येतो तो मजुरीचा. तासभर काम करणाऱ्याला आणि दिवसभर राबणाऱ्याला सारखाच पैसा कसा? पाड्यावरच्या प्रार्थनासभेत वाचला की लोकांचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी जाते. एकदा सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर मी विचारले, “पाच वाजता जे उभे होते ते कोण असतील? आळशी असतील का?” कोपऱ्यात बसलेली एक मावशी म्हणाली, “दादा, आळशी असता तर कधीच घरी जाऊन झोपला असता. पाच वाजेपर्यंत तोच उभा राहतो, ज्याला रिकाम्या हातानं घरी जाववत नाही.”

शास्त्रही तेच सांगते. घरधनी त्यांना विचारतो की दिवसभर इथे रिकामे का उभे आहात. ते कारण सांगतात : कोणी कामावर घेतलेच नाही. घरधनी त्यांचा शब्द खोटा पाडत नाही. बाजारात सकाळी कोणाला आधी उचलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरण्याताठ्या गड्याला आधी नेतात. म्हातारा, आजारातून उठलेला, कडेवर पोर असलेली बाई, यांना शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. त्यांचे कष्ट कमी नसतात. बिनकामाचे दिवसभर उभे राहणे हेही कष्टच असतात, फक्त त्यांचा रोज कोणी देत नाही.

‘पात्र’ हा शब्द वापरताना आपण हे आठवले पाहिजे. पहाटे काम मिळालेल्यांचे काम त्यांनी केले हे खरे, पण काम *मिळाले* हे त्यांचे कर्तृत्व नव्हते. कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवले म्हणून ते मळ्यात गेले. आपल्यापैकी अनेकांना ख्रिस्ती घरात जन्म मिळाला, शाळा मिळाली, लहानपणापासून शास्त्र कानांवर पडले. हे सगळे पहाटेचे बोलावणे आहे. ते आपण कमावलेले नाही.

करार आणि शब्द

आता दाखल्यातला एक बारीक फरक बघा. विश्वास म्हणजे काय, हे इथे फार साधेपणाने कळते. पहाटेच्या मजुरांशी ठराव झाला होता : एक दीनार. नऊ वाजता आलेल्यांना घरधनी रक्कम सांगत नाही. जे योग्य असेल ते देईन, एवढेच म्हणतो. दुपारी आलेल्यांचेही तसेच. मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पाच वाजता आलेल्यांना तर मजुरीचा शब्दही दिलेला नाही. फक्त मळ्यात जा, असे सांगितले आहे.

म्हणजे पहिली टोळी ठरावाच्या भरवशावर गेली आणि शेवटची टोळी माणसाच्या भरवशावर. त्यांच्याकडे मागायला काही नव्हते, म्हणून त्यांनी घासाघीस केली नाही. बोलावणारा चांगला आहे एवढेच धरून ती निघाली.

ख्रिस्तावरील विश्वास हा असा असतो. पौल रोमकरांस लिहितो की काम करणाऱ्याची मजुरी ही त्याची थकबाकी असते, तिला कोणी दान म्हणत नाही. पण जो आपल्या कामावर नव्हे तर देवावर विश्वास टाकतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून धरला जातो (रोम 4:4-5). इफिसकरांस पत्रातही हेच आहे : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान म्हणून मिळते, बढाई मारायला जागा राहू नये म्हणून. आणि लगेच पुढच्या वचनात सत्कर्मांचे नाव येते (इफिस 2:8-10). हा क्रम महत्त्वाचा आहे. पाच वाजता बोलावलेले लोक बाजारात बसून पैसे मिळायची वाट पाहत राहिले नाहीत. ते उठले, मळ्यात गेले, तासभर का होईना पण राबले. विश्वास ठेवणारा माणूस चालू लागतो. पण संध्याकाळी त्याच्या हातात जे पडते ते त्याच्या तासाभराचे मोल नसते.

वधस्तंभावर येशूशेजारी टांगलेला तो गुन्हेगार आठवा (लूक 23:39-43). त्याच्याजवळ तासभरही उरला नव्हता आणि सेवा करायला हात मोकळे नव्हते. आपली आठवण ठेव एवढेच त्याने म्हटले आणि त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचे वचन त्याला मिळाले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरच्या उपासनेत जॉन ख्रिसोस्तोमच्या नावाने चालत आलेले एक जुने प्रवचन दरवर्षी वाचतात. ते याच दाखल्यावर आधारलेले आहे. लवकर आलेला असो वा अकराव्या तासाला आलेला, पुनरुत्थानाच्या मेजवानीला सगळ्यांना सारखेच बोलावणे आहे, असा त्याचा आशय आहे.

एक दीनार म्हणजे एका दिवसाचे धान्य

घरधन्याने शेवटच्यांनाही पूर्ण दीनार का दिला? त्याने दीनाराचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशेब चुकला नसता. पण तेवढ्यात घरची चूल पेटली नसती. पोट दिवसाचे असते, तासाचे नसते. घरी वाट पाहणाऱ्या मुलांना बाप किती वाजता कामाला लागला याच्याशी काय देणेघेणे?

देवाच्या नियमशास्त्रात ही दृष्टी आधीपासून आहे. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये असे लेवीय 19:13 मध्ये सांगितले आहे. अनुवाद 24:14-15 त्याचे कारणही देते : तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे, आणि तो देवाकडे गाऱ्हाणे घेऊन जाईल. तो मजूर आपल्या लोकांपैकी असो वा परका, नियम एकच आहे. रानात मान्ना पडत असे तेव्हा ज्याने पुष्कळ गोळा केले त्याच्याजवळ जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही (निर्गम 16:18). प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज मागतो तीही त्या दिवसापुरतीच भाकर असते.

म्हणून एक गैरसमज टाळला पाहिजे. काही जण हा दाखला दाखवून म्हणतात की मालक आपल्या पैशाचे काय वाटेल ते करू शकतो. दाखल्यातला घरधनी आपला अधिकार वापरतो तो जास्त देण्यासाठी, कमी देण्यासाठी नव्हे. ठरलेल्यांना ठरलेले पूर्ण देतो, तेही त्याच संध्याकाळी. आजही हंगामाआधी उचल देऊन अख्खे कुटुंब बांधून घेतले जाते, शेवटच्या हिशेबात खाडे कापले जातात, महिनोन्महिने राबून माणसे रिकाम्या हाताने पाड्यावर परततात. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्या देशात 1976 साली झाला, तरी उचलीचा फास अजून सुटलेला नाही. अशा मालकाला या दाखल्यात आधार नाही. त्याच्यासाठी याकोब 5:4 आहे : अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणे प्रभूच्या कानी पोहोचते.

तक्रार नेमकी कसली?

घरधनी कारभाऱ्याला सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर. पहिल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते तर तक्रारच झाली नसती. पण त्यांनी हे पाहावे अशीच त्याची इच्छा दिसते.

ते पाहतात आणि कुरकुर करतात. त्यांचे बोलणे नीट ऐकावे. आम्हांला कमी दिले असे ते म्हणत नाहीत. तसे म्हणायला जागाच नव्हती. त्यांची तक्रार अशी की या लोकांना तू आमच्या बरोबरीचे केलेस (20:12). पैशाचे दुःख वरवरचे होते. बरोबरी खरी टोचत होती.

घरधन्याचे उत्तर मूळ ग्रीकमध्ये फार बोलके आहे. मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय, असे तो शब्दशः विचारतो. आपणही मराठीत म्हणतोच की दुसऱ्याचे भले डोळ्यांत खुपते. ‘वाईट डोळा’ हा शब्दप्रयोग अनुवाद 15:9 मध्येही आहे. कर्जमाफीचे सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाकडे वाईट डोळ्याने पाहून हात आखडू नकोस, असा तिथे इशारा आहे. येशूने तोच जुना शब्द उचलला. आपली नजर मेहनती कामगाराची आहे असे पहिल्या मजुरांना वाटत होते. प्रभूने ती कंजूष माणसाची नजर आहे हे दाखवून दिले.

मंडळीतही हे घडते. पाड्यावरून आलेले विश्वासणारे शहरातल्या उपासनेला आले की त्यांना साक्ष द्यायला उभे करतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. पण बसायला जागा मागे असते आणि कमिटीत नाव कधीच नसते. त्यांना मदत द्यायला आपली ना नसते. बरोबरी द्यायची म्हटली की हात थबकतो. पण प्रभुभोजनाच्या मेजावर भाकर एक आणि प्याला एक. तिथे पहाटेचे आणि पाच वाजताचे अशा दोन रांगा नाहीत.

या दाखल्याचा प्रभाव मंडळीच्या भिंतींबाहेरही गेला आहे. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने 1860 साली अर्थव्यवहारावर लेख लिहिले आणि त्यांना नाव दिले ‘अन्टू धिस लास्ट’, म्हणजे ‘या शेवटच्यालाही’. ते शब्द याच दाखल्यातले आहेत. 1904 साली गांधीजींनी जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गाडीत ते पुस्तक वाचले आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा त्यातला विचार त्यांनी मनाशी पक्का केला. 1908 मध्ये त्यांनी पुस्तकाचा सारांश गुजरातीत दिला आणि त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. आज शाळांना, संस्थांना, सोसायट्यांना आपण हे नाव देतो. ज्या पुस्तकासाठी ते घडले, त्याचे नाव पाच वाजता कामाला लागलेल्या मजुराकडे बोट दाखवते.

आपल्या कार्यात याचा अर्थ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. पात्र कोण? दाखला सांगतो की हा प्रश्न बाजारात उभ्या असलेल्याला विचारण्याआधी स्वतःला विचारावा. आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारला की कळते, आपणही कृपेवरच जगतो.

याचा अर्थ डोळे झाकून पैसे वाटायचे असा नाही. घरधनी बाजारात स्वतः गेला, एकदा नाही, पाच वेळा. त्याच्याकडे कारभारी होता, तरी त्याने त्याला पाठवले नाही. देव आपल्या पुत्रामध्ये आपल्यापर्यंत आला, तसाच हा येणारा मालक आहे. म्हणून आम्ही कार्यकर्तेही पाड्यावर जातो, घरात बसतो, कोणाचा आधार कुठे तुटला ते पाहतो. हजेरीची नोंद स्वतःजवळ कशी ठेवावी, उचल घेताना काय विचारावे, हंगामात मागे राहणाऱ्या मुलांची शाळा कशी सुटू द्यायची नाही, हे लोकांबरोबर बसून ठरवतो. एखादे कुटुंब पुन्हा दाराशी आले तर ते आळशी आहे असे आधीच धरून चालत नाही. त्यांना आज कोणी कामावर का घेतले नाही, ते विचारतो.

आणि जे उपासनेला येत नाहीत त्यांचे काय? देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो आणि पाऊस दोघांच्या शेतावर पाडतो, असे प्रभूनेच शिकवले (मत्तय 5:45). मदत हा मासा पकडायचा गळ नव्हे. आम्ही येशूचे नाव लपवत नाही. कोणी विचारले की हे का करता, तर आनंदाने सांगतो. पण भाकरीच्या बदल्यात विश्वास मागितला तर तो विश्वास राहत नाही, ती मजुरी होते. मन बदलण्याचे काम पवित्र आत्म्याचे आहे आणि त्याची वेळ तोच ठरवतो.

दाखला एका प्रश्नावर थांबतो. पहिले मजूर पुढे काय म्हणाले ते प्रभू सांगत नाही. दीनार घेऊन ते तोंड फिरवून निघून गेले, की शेवटच्यांच्या खांद्यावर हात टाकून एकाच वाटेने घरी गेले? ते उत्तर त्याने आपल्यासाठी मोकळे ठेवले आहे.

प्रार्थनेचे विषय

1. हंगामासाठी गाव सोडून गेलेल्या कुटुंबांच्या आरोग्यासाठी, सुरक्षिततेसाठी आणि त्यांना पूर्ण मजुरी वेळेवर मिळावी म्हणून.

2. पाड्यावर आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी.

3. बागायतदार, मुकादम आणि वीटभट्टीमालक यांच्या मनात देवाचे भय आणि न्यायबुद्धी यावी म्हणून.

4. ज्यांना कोणी कामावर घेत नाही अशा वृद्ध, आजारी आणि एकट्या स्त्रियांसाठी.

5. आपल्या मंडळ्यांत पाड्यावरच्या बंधू-भगिनींना बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून.

द्राक्षमळ्याचा धनी आपणां सर्वांना चांगला डोळा आणि उदार हात देवो. आमेन.